पुढच्या गाडीने येईल, असे सांगितले होते

आमच्या घरात संगणकावरच्या खेळांबाबत एकच नियम आहे. मुलाला जो खेळ खेळायचा असेल, त्याचा पहिला अर्धा तास घरातल्या मोठ्या माणसाने शेजारी बसून पाहायचा आणि मगच हो किंवा नाही सांगायचे. मोठ्या मुलीच्या वेळी आम्ही सरसकट बंदी घालून पाहिली होती. तिने तेच खेळ खालाच्या घरी खेळले आणि आम्हाला ते दोन वर्षांनी कळले. डोळे मिटून परवानगी द्यावी, तर तेही मनाला पटत नाही. म्हणून हा मधला मार्ग.

बारावीची परीक्षा संपली आणि आमच्या चिरंजीवांनी 'हाफ-लाइफ २' हा खेळ मागितला. खेळ २००४ सालचा, म्हणजे मुलापेक्षा वयाने मोठा. जुना म्हणून स्वस्त मिळाला आणि आमच्या जुन्या संगणकावर तो चालतही होता. अमेरिकेतल्या मानांकनानुसार हा खेळ १७ वर्षांवरच्यांसाठी आहे. मुलाला १७ पूर्ण झाली होती, तेव्हा तो आक्षेपही उरला नाही. मग्रिबची नमाज झाल्यावर आम्ही खुर्ची ओढून बसलो. मागे पलंगावर अम्मी तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांचे पडद्याकडे लक्ष नसेल, असे आम्हाला वाटले होते.

बंदुकीचा खेळ म्हणून आम्ही तयारीने बसलो होतो. पण पहिला अर्धा तास जवळजवळ सगळा एका रेल्वे स्टेशनात आणि त्याच्या आसपास गेला, आणि आमच्या मुलाच्या हातात साधी काठीसुद्धा आली नाही. इतके अस्वस्थ करणारे स्टेशन आम्ही कथा-कादंबरीतही क्वचित वाचले असेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या व्हॉल्व्ह या कंपनीने १९९८ साली 'हाफ-लाइफ' नावाचा खेळ काढला. त्याचा नायक गॉर्डन फ्रीमन हा पदार्थविज्ञानाचा तरुण शास्त्रज्ञ आहे. तो ब्लॅक मेसा नावाच्या भूमिगत प्रयोगशाळेत कामाला जातो, आणि खेळ सुरू होतो तो ट्रामच्या डब्यात. चार-पाच मिनिटे डबा बोगद्यांतून सरकत राहतो, ध्वनिवर्धकावर एक आवाज हवामान आणि कामाच्या सूचना सांगतो, आणि खेळणाऱ्याला खिडकीतून पाहण्यापलीकडे काही काम नसते. उशीर झालेल्या नोकरदार माणसाची ती रोजची सकाळ. त्या दिवशी प्रयोगशाळेत अघटित घडते, दुसऱ्या विश्वातले जीव पृथ्वीवर येतात, आणि पुढची कथा त्यांच्याशी लढण्याची आहे.

दुसरा भाग सुरू होतो तोही प्रवासानेच, पण मधल्या काळात जग बदललेले आहे. कम्बाइन नावाच्या परग्रहावरच्या सत्तेने अवघ्या सात तासांच्या युद्धात पृथ्वी जिंकली आहे. ब्लॅक मेसाचेच जुने प्रशासक डॉ. ब्रीन यांनी माणसांच्या वतीने शरणागतीची बोलणी केली आणि आता परक्यांच्या वतीने तेच माणसांवर राज्य करतात. गॉर्डनला मधल्या काळाची काहीच माहिती नाही. तो एकदम एका जुनाट रेल्वेच्या डब्यात उभा असतो. समोर निळ्या गणवेशातली दोन-तीन थकलेली माणसे असतात. त्यांतला एक म्हणतो, कितीही वेळा जागा बदलली तरी सवय होत नाही. दुसऱ्याला हा नवा प्रवासी गाडीत चढताना दिसलाच नव्हता. गाडी थांबते. शहराला नाव नाही, नुसता क्रमांक आहे: सिटी १७.

फलाटावर उतरता क्षणी उडता कॅमेरा तोंडासमोर येतो आणि लख्ख प्रकाश टाकून फोटो घेतो. त्यासाठी कोणी परवानगी विचारत नाही. वर मोठ्या पडद्यावर डॉ. ब्रीन यांचा चेहरा. पांढरी दाढी, मृदू आवाज. ते नवागतांचे स्वागत करतात. हे शहर मला इतके आवडले की मी माझे कार्यालयच इथे थाटले, तुम्ही राहायला आला असाल किंवा पुढे कुठे जाणार असाल, इथे तुम्ही अधिक सुरक्षित आहात, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. ते संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खाली मुखवटे घातलेले पोलीस. त्यांना चेहरा नाही, तोंडातून निघणारा प्रत्येक शब्द रेडिओच्या खरखरीतून येतो. एक पोलीस एका प्रवाशाला सामानापासून ढकलून पुढे हाकलतो. ते सामान तिथेच राहते.

इमारत मात्र देखणी आहे. उंच छत, कमानीच्या खिडक्या, त्यांतून तिरपे पडणारे ऊन. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात जशी स्टेशने बांधत, तशी. त्या जुन्या दगडी भिंतींना काळ्या-निळ्या धातूचे दरवाजे, अडथळे आणि पडदे ठोकून बसवले आहेत. भविष्यकाळ दाखवायचा म्हणजे सगळे चकचकीत आणि काचेचे दाखवायचे, अशी चित्रपटांची सवय. इथे भविष्यकाळ जुन्या घरात घुसलेल्या भाडेकरूसारखा आहे. त्याने रंगकाम केलेले नाही, फक्त कुलपे बदलली आहेत.

साफसफाईला एक विचित्र प्राणी आहे. त्याच्या गळ्यात पट्टा, हातात बेड्या आणि झाडू. मुलगा एकदम म्हणाला, "अरे, हा तर व्हॉर्टिगॉन्ट!" पहिल्या खेळात हेच प्राणी शत्रू म्हणून अंगावर येतात. खेळणारा त्यांना डझनांनी मारतो. तिथेही ते कोणाचे तरी गुलाम असतात, आणि इथे ते आपल्या शेजारीच झाडू मारत आहेत. शत्रू म्हणून ओळखलेला जीव आपल्याइतकाच कैदी निघतो, ही गोष्ट खेळात कोणी समजावून सांगत नाही. तो प्राणी दिसतो आणि खेळणारा पुढे जातो.

एक माणूस हळू आवाजात सांगतो, इथले पाणी पिऊ नकोस. त्यात काहीतरी घालतात, त्याने आठवण जाते. मी इथे कसा आलो, तेही मला आठवत नाही.

आणि जाळीच्या कुंपणाशी एक बाई उभी आहे.

मुलगा तिच्या अंगावरून पुढे गेला होता. आम्हीच म्हटले, थांब, ती काही बोलते आहे. ती विचारते, त्या गाडीत फक्त तुम्हीच होतात का? मग सांगते: आमची गाडी जंगलात थांबवली आणि माझ्या नवऱ्याला चौकशीसाठी उतरवून नेले. तो पुढच्या गाडीने येईल, असे म्हणाले होते. त्याला किती दिवस झाले, ते तिला नीट सांगता येत नाही. शेवटी ती म्हणते, पण माणसे चांगली आहेत, मला इथे थांबू देतात.

मागून अम्मींचा आवाज आला. "मग, आला का तिचा नवरा?"

"दादी, हा खेळ आहे," मुलगा हसत म्हणाला. त्याने संभाषण इंग्रजीतच ऐकले होते. अम्मींना आम्ही हळू आवाजात मराठीत सांगत होतो. अम्मी हसल्या नाहीत. "खेळ असू दे. आला का?"

"माहीत नाही, दादी. पुढे कळेल."

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय अम्मींचा प्रश्न वाचकांना कळणार नाही. आमचे अब्बा कुवेतमध्ये नोकरीला होते. आमच्या कोकणातल्या किती मुस्लिम घरांतले पुरुष त्या काळी आखाती देशांत होते, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे! २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि त्या दिवसापासून पत्र बंद, फोन बंद. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत एअर इंडियाच्या विमानांनी १,७०,००० हून अधिक भारतीयांना परत आणले. बहुतेकांना कुवेतहून बगदाद आणि तिथून जॉर्डनची राजधानी अम्मान असा रस्त्याने प्रवास करून विमान गाठावे लागले. नागरिकांची इतकी मोठी हवाई सुटका क्वचितच झाली आहे. पण घरी बसलेल्यांना त्यातले काही दिसत नव्हते. अम्मी आम्हाला घेऊन एसटीने मुंबईला आल्या, नातेवाइकांच्या खोलीत राहिल्या आणि दर एक-दोन दिवसांनी सहारच्या विमानतळावर जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा आम्ही सात वर्षांचे होतो. आम्हाला आठवतो तो लोखंडी कठडा आणि त्यावर ठेवलेला अम्मींचा हात. आधी सुटून आलेल्या गावच्या एका माणसाने सांगितले होते, ते माझ्या मागेच होते, पुढच्या विमानाने येतील.

अब्बा एकोणीस दिवसांनी आले. एक पिशवी, वाढलेली दाढी आणि पायात कोणाच्या तरी चपला. घरी परतताना अम्मी सारख्या म्हणत होत्या की विमानतळावरचा तो शिपाई भला माणूस, रोज मला कठड्याशी बसू देत होता.

त्यामुळे पडद्यावरची बाई जेव्हा म्हणाली की माणसे चांगली आहेत, मला थांबू देतात, तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. शब्द जवळजवळ तेच होते. म्हणून दोन्ही प्रसंग एकच ठरतात, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो शिपाई खरोखरच भला होता. ते विमान माणसांना घरी आणत होते, कोणाला उतरवून नेत नव्हते. पण वाट पाहणाऱ्या माणसाला हा फरक कठड्यापाशी उभे राहून कळत नसतो. तो दोन्ही ठिकाणी आभारच मानतो. खेळ लिहिणाऱ्यांनी हे नेमके पकडले आहे. त्या बाईने रडून आकांत केला असता, तर आम्ही तिला विसरलो असतो. ती आभार मानते म्हणून ती विसरता येत नाही.

ती खरी वाटण्यामागे मेहनतही आहे. चेहऱ्यावरच्या हावभावांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या संशोधनाच्या आधारे व्हॉल्व्हने या खेळातल्या माणसांचे चेहरे हलते केले. २००४ साली ही मोठी गोष्ट होती. माणसे बोलताना खेळणाऱ्याकडे पाहतात, तो हलला की त्यांची नजर त्याच्यामागे जाते. आजच्या हिशेबाने त्यांचे केस आणि कपडे अगदीच ओबडधोबड दिसतात. अम्मींना चष्म्याशिवाय केस-कपडे दिसतच नव्हते. नजर मात्र दिसत होती.

या शहराचे रूप ठरवणारा कलाकार म्हणजे व्हिक्टर अँटोनोव्ह. त्याचा जन्म १९७२ साली बल्गेरियाची राजधानी सोफिया इथे झाला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत वयाच्या ५२ व्या वर्षी तो गेला. सिटी १७ अमेरिकन शहरासारखे नाही, पूर्व युरोपातल्या शहरासारखे आहे, ते त्याच्यामुळे. त्याच्या लहानपणचे सोफिया त्यात आहे, बेलग्रेड आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्या छटाही आहेत. तो वाढला तो कम्युनिस्ट राजवटीत, जी १९८९ च्या अखेरीपर्यंत टिकली.

त्याच बल्गेरियाची एक हकीकत इथे आठवते. आपल्याकडे ती फार कोणाला माहीत नाही. त्या देशात तुर्की भाषा बोलणाऱ्या मुसलमानांची मोठी वस्ती होती आणि आजही आहे. १९८४-८५ च्या हिवाळ्यात सरकारने त्यांची नावे जबरदस्तीने बदलली. खेड्यांना वेढा पडायचा, आणि आई-बापांनी ठेवलेले नाव टाकून स्लाव्ह धाटणीचे नवे नाव कागदावर घ्यावे लागायचे. सार्वजनिक ठिकाणी तुर्की बोलण्यावर बंदी आली. मग १९८९ च्या उन्हाळ्यात सीमा उघडण्यात आली आणि तीन महिन्यांच्या आत तीन लाखांहून अधिक माणसे गाड्यांच्या टपांवर गाद्या, खुर्च्या, शिवणयंत्रे बांधून आणि आगगाड्यांत बसून तुर्कस्तानकडे निघाली. कागदोपत्री ती प्रवासी पारपत्रावर जात होती, म्हणून त्या लोंढ्याला 'मोठी सहल' असे नाव पडले. अँटोनोव्हने हे स्टेशन ती सहल डोळ्यांपुढे ठेवून रेखाटले, असा आमचा दावा नाही. पण असे स्टेशन ज्या भूमीतून आले, तिथे घर सोडून जाणाऱ्या माणसांच्या रांगेला सहल म्हणण्याची पद्धत होती. डॉ. ब्रीन यांचे मृदू स्वागत ऐकताना ती सहल आठवणारच.

स्टेशनातही अशीच भाषा आहे. एका बंद दाराच्या झरोक्यातून एक माणूस दिसतो. तो पोलिसांना विनवतो आहे की काहीतरी चूक झाली आहे, माझ्याकडेही स्थलांतराचे तेच कूपन आहे, जे सगळ्यांकडे आहे. बिचाऱ्याचा कागदावर किती विश्वास! कागद बरोबर असला की माणूस सुरक्षित, असे त्याला वाटते. आपल्यापैकी ज्यांनी झेरॉक्स प्रतींची फाइल छातीशी धरून रांगेत उभे राहण्यात दिवस घालवले आहेत, त्यांना त्याचा आवाज लगेच ओळखू येईल.

तपासणी नाक्यावर गॉर्डनलाही बाजूला काढतात. ज्या खोलीत नेतात तिथे मध्यभागी एक खुर्ची आहे आणि जमिनीवर रक्त आहे. आम्ही मुलाला थांब म्हणणार, तेवढ्यात पोलिसाने कॅमेरा बंद केला आणि मुखवटा काढला. तो निघाला बार्नी, ब्लॅक मेसातला जुना पहारेकरी आणि दोस्त. पोलिसांत शिरून तो आतून लोकांना मदत करतो आहे. तो गॉर्डनला एका जुन्या उधारीची आठवण करून देतो. ती कशाची, ते या मासिकात न सांगितलेले बरे. मग मागच्या खिडकीतून पळायची वाट दाखवतो. खिडकी उंचावर. मुलाने खोलीतली खोकी एकावर एक रचली आणि चढला. इथे वस्तू खऱ्यासारख्या उचलता येतात, रचता येतात, फेकता येतात, हे खेळ शिकवतो ते अशा निमित्ताने. 

स्टेशनात शिधा वाटपाचे दालनही आहे. यंत्रातून पाकिटे पडतात, लोक रांगेत उभे राहतात, आणि असल्या अन्नासाठी रांग लावायची म्हणजे भूक किती लागलेली असावी, असे एकजण पुटपुटतो. स्टेशनातून बाहेर पडण्याआधी तो प्रसंग येतो, जो हा खेळ खेळलेल्या कोणालाही विचारा, त्याला आठवतो.

एक पोलीस वाट अडवून उभा आहे. शेजारी पाण्याचे कॅन देणारे यंत्र आहे, त्यावर ब्रीन यांचेच नाव आणि चेहरा. पोलीस काठीने एक रिकामा कॅन जमिनीवर पाडतो आणि म्हणतो, तो उचल. उचलला की म्हणतो, आता कचरापेटीत टाक. बस, इतकेच. कॅन पेटीत टाकला तर तो हसतो आणि जाऊ देतो. तोच कॅन त्याच्या तोंडावर फेकून मारला तर तो विजेची काठी घेऊन मागे लागतो, दोन फटके बसतात, पण वाट मोकळी होते.

आमच्या मुलाने कॅन उचलला आणि हातात धरून तसाच उभा राहिला. आमच्याकडे पाहिले. आता आम्ही काय सांगणार? घरात आम्ही त्याला मोठ्यांचे ऐकावे, पोलिसाशी वाद घालू नये, नजर खाली ठेवून घरी यावे हेच शिकवले आहे, आणि त्यामागे आमची कारणे आहेत. सतरा वर्षांच्या मुलाचे आई-बाप ती कारणे जाणतात. कॅन पेटीत टाक, असेच आमच्या तोंडी आले होते. तेवढ्यात त्याने तो पेटीत टाकलाही. पोलीस हसला. ते हसू आम्हाला फार लागले. एका काल्पनिक पोलिसाचे, वीस वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित केलेले हसू.

त्याने लगेच मागचा टप्पा पुन्हा सुरू केला आणि या वेळी कॅन फेकून मारला. आम्ही काही बोललो नाही.

नंतरच्या आवृत्त्यांमध्ये या दोन्ही कृतींना वेगवेगळी नोंद मिळते. ऐकणाऱ्याला 'नमते घेणारा' अशा अर्थाची, फेकणाऱ्याला 'न जुमानणारा' अशा अर्थाची. दोन्ही नोंदी सारख्याच मोलाच्या. ज्याला सगळ्या नोंदी गोळा करायच्या असतील, त्याला दोन्ही करून पाहाव्या लागतात. खेळ तयार करणाऱ्यांनी एक बरोबर आणि एक चूक ठरवले नाही, हे आम्हाला आवडले. कचरा पेटीत टाकायला कोणाची हरकत असते? पण पाडणाऱ्यानेच उचलायला सांगितले की ते सफाईचे काम उरत नाही. आणि हातात हत्यार नसलेला माणूस काय करू शकतो, याचा विचार करायला खेळणाऱ्याला इथेच वेळ मिळतो. पुढे हत्यारे मिळाली की हा प्रश्न संपतो आणि खेळ पुष्कळसा इतर खेळांसारखा होतो.

स्टेशनाच्या बाहेर चौक आहे, आणि चौकापलीकडे ढगांत गेलेला सत्तेचा मनोरा. तिथे पडद्यावर ब्रीन एका नागरिकाच्या पत्राला उत्तर देत असतात. मुले जन्माला येण्यावर बंदी का, असा त्या पत्राचा प्रश्न. कम्बाइनने असे काही क्षेत्र निर्माण केले आहे की माणसांना मूलच होत नाही, आणि हे तुमच्या भल्यासाठीच कसे आहे, ते ब्रीन त्यांच्या मृदू आवाजात समजावून सांगतात. मुलाने थोडे पुढे जाऊन इमारतींच्या मधले एक अंगण दाखवले. मुलांच्या खेळण्याची जागा, आणि तिथे कोणी नाही. तेव्हा लक्षात आले की इतका वेळ स्टेशनात फिरलो, पण एकही मूल दिसले नव्हते. आपल्याकडे स्टेशन म्हटले की आधी मुलांचाच गलका. हे आम्हाला आधी खटकायला हवे होते.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. स्टेशनानंतरचा खेळ रक्तपाताचा आहे. त्यात एक उद्ध्वस्त गाव येते, रेवनहोम, ते अंधारात एकट्याने खेळण्यासारखे नाही. लहान मुलांच्या हाती हा खेळ देऊ नये, त्यावरचे वयाचे बंधन योग्यच आहे. आम्ही हो म्हटले, पण रेवनहोमच्या वेळी खोलीत दिवा लावायचा आणि दार उघडे ठेवायचे, या अटीवर. अट पाळली गेली, असे तो म्हणतो.

सुमारे दोन आठवड्यांनी खेळ संपला. जेवताना त्याने स्वतःहून सांगितले. अम्मींनी ताटातली भाकरी मोडता मोडता विचारले, "त्या बाईचे काय झाले?"

"कोणत्या?"

"ती जाळीपाशी उभी होती ती."

त्याने घास खाली ठेवला. "नाही, दादी. तिचा नवरा पुढे कुठेच येत नाही. ती गोष्ट तिथेच संपते."

"तू परत जाऊन पाहिलेस?"

त्याने पाहिले नव्हते. जेवण झाल्यावर त्याने खेळ पहिल्यापासून सुरू केला. गाडी, फलाट, कॅमेऱ्याचा लख्ख प्रकाश. बाई होती तिथेच होती. तिने तोच प्रश्न विचारला, तेच सांगितले. मुलगा पुढे गेला नाही. अम्मी चष्मा लावून पलंगावरून उठून आमच्या खुर्चीवर येऊन बसल्या. मुलगा आणि त्याची दादी बराच वेळ तिच्याजवळ उभे होते. दुसरी गाडी काही आली नाही. इशाची अजान झाली तेव्हा अम्मी म्हणाल्या, "बंद कर आता," आणि वजूला गेल्या.